उचल, खाडा आणि वकील

दिवाळीच्या मागंपुढं बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात पालं उभी राहतात. बीडकडून आलेल्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. वरच्या ओळीला पावसाळ्यात घेतलेली उचल, खाली तोडलेल्या उसाचं टनेज आणि मध्ये खाडे. ताप असो की बाळंतपण, कोयता फडात गेला नाही की त्या दिवसाचा खाडा उचलीत चढतो. मजुराच्या हाती ना वही, ना वजनपावती. मग कोर्टात दाखवायचं काय?

मालक कोण, हे ठरवणं तर त्याहून अवघड. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी, तोही बहुतेक तोंडी. फडात कुणाला इजा झाली की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला, पण तो आंतरराज्य मजुरांपुरता. पुढं तो नव्या श्रमसंहितेत गेला, तरी राज्याच्या सीमेची अट राहिलीच. बीडचा कोयता कर्नाटकातल्या निपाणीला गेला तर स्थलांतरित, कागलला थांबला तर नाही. मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

तरीही कायद्याचे हात अगदीच रिकामे नाहीत. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1920 सालीच वेठबिगारी बंद केली होती. देशाचा वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 चा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. उचल फिटेपर्यंत फड सोडू न देणं याच चौकटीत तपासलं पाहिजे, असं माझं मत आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच नावावर. अर्ध्या कोयत्याची धनीण असलेल्या बाईचं नाव वहीत कुठंच नसतं. मजूर म्हणून तिची नोंद नाही, पण स्त्री म्हणून वकिलावर तिचा थेट हक्क आहे. तो तिला सांगणार कोण?

जिल्हा प्राधिकरणाकडे वकिलांचं पॅनेल आहे, विधी स्वयंसेवक आहेत. पालावर रोजची ऊठबस मात्र संस्थांची असते. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं झटते आहे. जिच्या पोराला संस्थेनं शाळेत बसवलं, ती आई मारहाण, थकलेली मजुरी, डांबून ठेवणं हे सगळं संस्थेच्या माणसांशी बोलते. अनोळखी वकिलापुढं ती तोंड उघडणार नाही. म्हणून वकील आणि संस्था यांची सांगड पालावरच बसायला हवी.

वाहतूकदाराची बाजूही खोटी नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या इथल्या कित्येक पोरांना मुकादमांनी उचल घेऊन बुडवलं आहे. त्यांनाही कायद्याचा रस्ता हवा. तो मिळत नाही, तेव्हा वसुलीचा राग टोळीवर निघतो.

आणखी एक अडचण तारखांची. हंगाम मार्च-एप्रिलला संपतो, टोळी गावी जाते आणि तक्रार इथंच पडून राहते. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांची मोठी सोय झाली. पण बीड त्या सहांत नाही, ते छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली येतं. त्यामुळं कोल्हापूर आणि बीड इथल्या जिल्हा प्राधिकरणांनी हंगाम संपण्याआधीच एकमेकांकडे प्रकरणं सोपवायला हवीत. जबाब इथं, पाठपुरावा तिथं.

कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: पहिली मोळी टाकण्याआधी गाडीतळावर विधी साहाय्याचं एक टेबल मांडा आणि प्रत्येक कोयत्याला, बाईच्या नावासकट, हिशेबाची प्रत द्या. आणि ज्यांच्या शेतात यंदा टोळी उतरेल त्यांनी मोफत विधी साहाय्याचा 15100 हा नंबर तेवढा त्या बायांना सांगावा.