कला शिकवावी कोणी?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा पदवीविरुद्ध बोलण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्नच आहे! तरीही वर्षभर मनात घोळणारा विषय येथे मांडतो.

माझे मोठेबाबा कौंडण्यपूरच्या भजनात चाळीस वर्षे पखवाज वाजवीत आले आहेत. रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर ते अनेकदा पंढरपूरला पायी गेले. एका शाळेला संगीत शिकविण्यास माणूस हवा होता, म्हणून ते तेथे गेले. “प्रमाणपत्र आणा,” एवढेच उत्तर मिळाले. वाजवून दाखवा, असे कोणी म्हटलेसुद्धा नाही. मला राग आला तो याचा.

पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा तो भरदार नाद निघतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर बसका. आषाढातल्या ओल्या हवेत कातडे सैल पडते. मग उजवी बाजू चढविण्यास गठ्ठे ठोकावे लागतात आणि कणकेचा अंदाजही बदलतो. हा अंदाज हाताला येण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहानपणी मी विचारले, “ठेक्याच्या मात्रा किती?” मोठेबाबा म्हणाले, “कायले मोजतं रे बापा? अभंगच मोजून देते!” भजनी ठेका आठ मात्रांचा, हे मला पुढे पुस्तकातून कळले. ज्याचा हात तयार, त्याला समजावता येईलच असे नाही.

शिवाय हा कागद आला कोठून? पूर्वी विद्या गुरूच्या घरी, गुरूच्या मर्जीने मिळे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी, परीक्षा अशी व्यवस्था आली. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आज गावोगावी होतात. आमच्यासारख्यांना कोणत्या घराण्याने उंबरठ्याच्या आत घेतले असते? फी भरून शिकता येते, हे उपकार त्या कागदाचेच. गंमत एवढीच, की परीक्षांचा हा मार्ग घालून देणाऱ्या बुवांपाशी स्वतः कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती!

विद्यापीठ अनुदान आयोगाला ही अडचण ठाऊक आहे. २०१८ च्या नियमांत संगीताच्या प्राध्यापकासाठी दोन वाटा होत्या. एक, पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट. दुसरी कलावंताची : नामवंत गुरूकडे शिक्षण, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी आणि विषय तर्कशुद्धपणे समजावण्याची क्षमता. २०२२ साली १५ वर्षांच्या अनुभवावर पदवीची अट न घालता तज्ज्ञ नेमण्याची मुभाही मिळाली. मात्र मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार वर्षे. हे सारे कॉलेजांसाठी. खेड्यातला भजनी ‘अ’ श्रेणीपर्यंत पोचणार कसा? आपल्याच जिल्ह्यातल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण अगदी थोडे. खंजिरीवर त्यांनी गावेच्या गावे जागी केली. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. तेथे अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी त्यांचा अर्ज आला असता, तर कारकुनाने तो कोणत्या फाइलीत लावला असता?

माझे मत असे, की उमेदवाराला आधी वाजवायला सांगावे आणि मग एका नवख्या पोराला अर्धा तास शिकवायला लावावे. कागद त्यानंतर पाहावा. या परीक्षेत काही पदवीधर गळतील, आणि कदाचित मोठेबाबाही.

यंदा मी पखवाजाच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे. संध्याकाळी शास्त्राचे पुस्तक त्यांना वाचून दाखवितो. ते ऐकतात, मधूनच मला थांबवून तोच बोल हाताने वाजवितात. परवा त्यांनी विचारले, “याच्यात कणकेचं काही लिहेल हाय का?” मी पाने चाळली. अजून तरी सापडले नाही.