गाडी तापली की सेल्फ जड का फिरतो? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

सकाळी गार असताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. तालुक्याला पोचून दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की मात्र सेल्फ ‘घर्र... घर्र’ करत जड फिरतो आणि भर बाजारात धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात. जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. काही हजार रुपये जातात, दुखणं तसंच राहतं.

बॅटरी कमजोर असेल तर त्रास सकाळी जास्त व्हायला हवा. गार बॅटरीचा जोर कमी असतो, ऑइलही घट्ट असतं. अपवाद एक : अल्टरनेटर चार्जिंग करत नसेल तर प्रवासातच बॅटरी उतरते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे.

पुढची तपासणी गाडी तापलेली असतानाच करायची. गार झाल्यावर दोष लपतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लसची बारीक वायर काढून टेप गुंडाळून ठेवा. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं थेट इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचा नटबोल्ट खराब. गंज, ढिला बोल्ट, आतून तुटलेल्या तारा. निम्म्या गाड्या इथंच सुटतात म्हटलं तरी चालेल, आणि खर्च एका वायरचा. तसंच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत मोजा; तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर नको.

वायरी चांगल्या निघाल्या आणि सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर दुसऱ्याची चांगली बॅटरी लावून बघा. तरीही जड फिरला तर दोष सेल्फमध्ये. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं, त्यामुळे गाडी थांबल्यावर उष्णता तिथंच साठते. तांब्याचा रोध ५० अंश तापमान वाढलं की सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. चांगला सेल्फ हे सोसतो. बुश झिजून आर्मेचर घासत असेल किंवा कार्बन संपत आले असतील तर तो हार मानतो. अशा वेळी नवा सेल्फ घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बुश-कार्बन बदलून घ्यावेत, ते बरंच स्वस्त पडतं.

एक गोष्ट मात्र गॅरेजमध्येही सुटून जाते. कॉइलची वायर काढल्यावर तापलेलं इंजिन मोकळं फिरतं आणि जोडल्यावर अडखळतं, उलटा झटका देतं, असं दिसलं तर सेल्फला हात लावू नका. टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स झालंय. गॅसकिट बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत गॅससाठी टायमिंग पुढे घेतलेलं असतं, तिथं हे हटकून पाहावं. टायमिंग लाइट असलेल्या मेकॅनिककडूनच ते लावून घ्या, नुसतं कानानं नको.