लॅपटॉपवर चहा सांडला: दुरुस्ती करावी की नाही?

जुन्या लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडलं की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘वाळू दे, चालेल’ आणि ‘गेला, आता नवा घे’. दोन्ही सल्ले देणाऱ्याने लॅपटॉप उघडून पाहिलेला नसतो.

गैरसमज : लॅपटॉप बंद केला की धोका टळला.
वस्तुस्थिती : बॅटरी जोडलेली असेपर्यंत बंद लॅपटॉपच्या बोर्डवरही काही भागांत वीज असते. पाण्यातले क्षार आणि वीज एकत्र आले की बोर्डवरचं तांबं झिजू लागतं. म्हणून चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, पालथा ठेवून निथळू द्या आणि बॅटरी सोडवा. ती आतमध्ये असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या.

गैरसमज : तांदळात ठेवला की पाणी शोषलं जातं.
वस्तुस्थिती : चिपखाली अडकलेलं पाणी तांदूळ ओढून घेत नाहीत, त्यांचा भुगा मात्र पोर्टमध्ये शिरतो. हेअर ड्रायरच्या झोताने पाणी आणखी आत जातं आणि प्लास्टिक वाकतं.

गैरसमज : वाळल्यावर सुरू झाला, म्हणजे वाचला.
वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडतो तो हाच समज. पाणी उडून जातं, पण चहातली साखर, दूध आणि कोल्ड्रिंकमधलं आम्ल बोर्डवरच राहतं. साखर हवेतला ओलावा धरते. त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत गंज चढतच राहतो. मग काही आठवड्यांनी चार्जिंग थांबतं, नाहीतर न दाबलेली अक्षरं आपोआप उमटू लागतात. लॅपटॉप बिघडण्याआधीच बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घेणं हा त्यावरचा उपाय. नंतरच्या दुरुस्तीपेक्षा ही सफाई बहुधा स्वस्तच पडते.

गैरसमज : लॅपटॉप गेला म्हणजे फोटो आणि फाइल्सही गेल्या.
वस्तुस्थिती : बऱ्याच जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क किंवा एसएसडी सुटी निघते आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की लागते. 2018 पासूनच्या मॅकबुक एअर आणि प्रो मॉडेलांत मात्र स्टोरेज बोर्डवरच असतं; तिथे डेटासाठी आधी बोर्डच जिवंत करावा लागतो.

गैरसमज : बोर्ड शॉर्ट झाला म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा.
वस्तुस्थिती : कधी एखादा कपॅसिटर किंवा चार्जिंगची आयसी बदलून काम भागतं. पण बोर्डचे आतले थर जळले असतील किंवा प्रोसेसरखाली गंज पोचला असेल, तर दुरुस्ती फार टिकत नाही.

मग ठरवायचं कसं?
खर्चाची तुलना लॅपटॉपच्या मूळ किमतीशी करू नका. तेच मॉडेल चालू स्थितीत सेकंडहँड केवढ्याला मिळतं ते पाहा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याहून वर जात असेल तर डेटा काढून घ्या आणि लॅपटॉप ई-कचऱ्यात द्या. फक्त कीबोर्ड गेला असेल तर बिनधास्त बदला. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे विंडोज 11 न चालणाऱ्या लॅपटॉपवर मोठा खर्च करण्याआधी त्यावर पुढे लिनक्स चालवायची तयारी आहे का, हेही ठरवा.

दुरुस्तीवाल्याला आधी तीन गोष्टी विचारा: गंज कुठे आहे ते दाखवाल का, दुरुस्त झाला नाही तर तपासणीचे किती घ्याल, आणि झाला तर गॅरंटी किती दिवसांची? बोर्ड न उघडताच कुणी आकडा सांगितला, तर तो निव्वळ अंदाज समजा.