करवाढीचे दुसरे दार

पुण्याचा गृहस्थ मिळकतकराचे बिल हाती पडले म्हणजे जागा होतो. पण तोपर्यंत खटल्याचा निकाल लागून चुकलेला असतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमाने ह्या कामाचा क्रम स्वच्छ घालून दिला आहे. आयुक्तांनी पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावा, समितीने तो तपासावा, २० फेब्रुवारीच्या आत सभेने कराचे दर ठरवावे आणि ३१ मार्चपूर्वी अंदाजपत्रक कायम करावे. खर्चाची बाजू फुगली की जमेची बाजू तिच्यामागे ओढली जाते. पूर्वी ही ओढ बव्हंशी जकात सोशीत असे. २०१३ साली पुण्यातील जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कराबरोबर तोही इतिहासजमा झाला. व्यापाऱ्याचा नाक्यावरील खोळंबा मिटला, हे इष्टच झाले. परंतु जकातीच्या बदल्यात मिळणारी भरपाई राज्य शासनाच्या हातची. पालिकेचा स्वतःचा म्हणावा असा मोठा कर मिळकतकरच काय तो उरला.

दर वाढविण्याचा प्रस्ताव आला म्हणजे सभागृहात गर्जना होतात, आणि दर वाढला नाही म्हणजे लोक निश्चिंत होतात. आमच्या मते ही निश्चिंती भोळी आहे. कर हा दराने ठरतो तसाच तो करयोग्य मूल्यानेही ठरतो. समजा, एका घराचे वाजवी मासिक भाडे १,००० रुपये धरले. वर्षाचे १२,००० झाले; दुरुस्तीसाठी कायद्याने दहावा हिस्सा वजा केला म्हणजे १०,८०० हे करयोग्य मूल्य. मालक स्वतः राहत असल्याबद्दल चाळीस टक्के सूट दिली, तर हेच मूल्य ६,४८० होते. आता ती सूट काढून घ्या. दराला कोणी हात लावलेला नाही, तरी कर दोनतृतीयांशांनी वाढला! चाळीस टक्के सवलत गेली म्हणजे कर चाळीसच टक्के वाढेल, असा हिशेब मनाशी करणाऱ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावे.

हा दाखला कल्पनेतला नव्हे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांस ही चाळीस टक्के सवलत १९७० सालच्या पालिकेच्या ठरावाने मिळाली. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाला, राज्य शासनाने ठराव रद्द केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांस ती मिळेनाशी झाली. एकाच रस्त्यावरील दोन सारख्या घरांवर दोन निरनिराळे कर बसले. अपराध एवढाच की एक घर उशिरा बांधून झाले. लोकांनी ओरड केली तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा चालू केली. पण तीही अर्ज करणाऱ्यास! आपण आपल्याच घरात राहतो हे पुराव्यानिशी सिद्ध करण्यासाठी गृहस्थांस पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. हक्काची गोष्ट मागून घ्यावी लागणे हे कोणत्या न्यायात बसते, ते आम्हांस कळत नाही.

ह्याच सुमारास पालिकेत लोकांचा प्रतिनिधी नव्हता, हेही लक्षात ठेविले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये सभासदांची मुदत संपली, आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात अंदाजपत्रक मांडणारे आयुक्त आणि ते मंजूर करणारे प्रशासक एकच होते. वादी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसलेले कोणत्याही कोर्टात चालत नाहीत. कर देणाऱ्याच्या संमतीवाचून कर नाही, ह्या तत्त्वासाठी ह्या देशाने परकी सरकाराशी झगडा केला. स्वराज्यात ते चार वर्षे बासनात बांधून ठेविले गेले, आणि त्याची फारशी हळहळ कोणास वाटली नाही.

आता सभा पुन्हा बसली आहे. तिच्या सभासदांकडे आमचे मागणे थोडके आहे. फेब्रुवारीत दरांचा ठराव येईल तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक तक्ता मागवावा: कोणती सवलत कोणास चालू आहे, कोणाची बंद होणार आहे, नव्या आकारणीने किती घरांचे मूल्य वाढणार आहे आणि जमेच्या अंदाजात त्यांपैकी किती रक्कम आधीच धरून ठेविली आहे. हा तक्ता सभेपूर्वी पंधरा दिवस प्रसिद्ध व्हावा, आणि तो मराठीत असावा.