मोतीच्या लसीची तारीख कोण पाहते?

पिंपरी, भोसरी, चिखली, मोशी, तळवडे ते थेट चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक घरांचा दिवस कारखान्याच्या पाळ्यांवर चालतो. मुलगा पहिल्या पाळीला जातो, सून दुसऱ्या पाळीला आणि नातवंडे शाळेला. अशा घरात हौसेने आणलेल्या कुत्र्या-मांजराची सोबत आणि देखभाल या दोन्ही गोष्टी अखेर आजी-आजोबांच्या वाट्याला येतात. सोबत सुखाचीच असते. परंतु प्राणी आणणारा एक आणि दिवसभर सांभाळणारा दुसरा, अशी विभागणी झाली की लसीची आणि जंताच्या औषधाची तारीख हमखास निसटते. पहिल्या वर्षी सर्व लसी उत्साहाने होतात, पुढे कार्ड कपाटात जाते. ‘आमचा मोती घराबाहेर जातच नाही, मग पुन्हा पुन्हा सुई कशाला?’ हा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर मोतीपुरते मर्यादित नाही. ते आपल्या स्वतःच्या प्रकृतीशीही निगडित आहे.

रेबीज : येथे तडजोड नाही

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. उलट, वेळेवर घेतलेल्या लसीने हा रोग टाळता येतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांचे मूळ कुत्र्याच्या चाव्यात असते. कारखाने, खानावळी आणि कचराकुंड्या यांच्या आसपास भटक्या कुत्र्यांना अन्न मिळते, त्यामुळे त्यांचा वावरही तेथे असतोच. सकाळच्या फेरीत किंवा फाटकाच्या गजांमधून झटापट व्हायला एक क्षण पुरतो. मांजर तर खिडकीतून केव्हा जाऊन आले, हे कळतही नाही.

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून अंगावर धावत नाही. काही कुत्रे मलूल होतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे, असे समजून प्रेमाने तोंडात हात घालणारा माणूस संसर्गाच्या थेट संपर्कात येतो. असे दिसल्यास हात घालू नये. पशुवैद्यांना तात्काळ कळवावे.

नेटाने केलेल्या लसीकरणाचे फळ आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले आहे. तेथे शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी दरवर्षी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस देण्याचे लक्ष्य ठेवून काम केले. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा भारताचाही संकल्प आहे. आपल्या मोतीची एक सुई याच साखळीतील एक कडी होय.

सगळ्याच लसी दरवर्षी लागतात का?

नाही. पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी सुरू होतात व सोळा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने दिल्या जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात. पहिल्या वर्षानंतरचा डोस झाला की डिस्टेंपर-पार्व्होच्या पुढील मात्रा तीन वर्षांच्या अंतराने पुरेशा ठरू शकतात. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते. हा रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्याला आणि माणसालाही होतो, म्हणून पावसाळ्यात त्याचे महत्त्व अधिक. रेबीजची लस आपल्याकडे सहसा दरवर्षी दिली जाते. कार्डावरील मुदत पाळावी. ‘यातील कोणती लस यंदा खरोखर आवश्यक आहे?’ असे पशुवैद्यांना निःसंकोच विचारावे. त्यातून अनावश्यक खर्चही वाचतो.

प्राणी म्हातारा झाला म्हणून लस थांबवू नये. तो आजारी असल्यास तारीख पुढे ढकलायची की नाही, हे पशुवैद्य ठरवतील. लसीनंतर एखादा दिवस सुस्ती येणे स्वाभाविक आहे; चेहरा सुजला किंवा श्वास अडखळू लागला तर मात्र त्वरित दवाखाना गाठावा.

जंत, गोचीड आणि पिसवा

प्रौढ कुत्र्याला साधारणतः दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. पिल्लांना अधिक वेळा लागते. कारण उघड आहे. विष्ठेतून पडलेली गोलकृमीची अंडी मातीत राहून काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात. अंगणात खेळणाऱ्या नातवंडांच्या हातावाटे ती पोटात जाऊ शकतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. अंकुशकृमीच्या अळ्या तर उघड्या पावलांच्या त्वचेतून शिरतात. पहाटे गवतावर अनवाणी चालण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी, जेथे कुत्री घाण करतात तेथे चप्पल काढू नये.

गोचीड कुत्र्याच्या रक्तात गंभीर ताप आणणारे जंतू सोडते. ती नखांनी चिरडू नये आणि कुत्र्याच्या अंगावर रॉकेलही लावू नये. चाटल्यावर ते पोटात जाते. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. गोचिडी भिंतीच्या भेगांतही लपतात, म्हणून अंथरूण आणि कोपरे यांची स्वच्छता औषधाइतकीच आवश्यक आहे. औषधाची मात्रा प्राण्याच्या वजनावर ठरते, ती अंदाजाने देऊ नये. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते तिच्या जिवावर बेतू शकते.

चावा किंवा ओरखडा झाल्यास

वयानुसार त्वचा पातळ होते, त्यामुळे लाडाने मारलेला पंजाही रक्त काढू शकतो. लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि मोतीचे लसीचे कार्ड सोबत न्यावे. प्राणी लस घेतलेला आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवावे, पण त्याची वाट पाहून आपले उपचार लांबवू नयेत. मधुमेह, स्टेरॉइड, कर्करोगावरील औषधे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आवर्जून सांगावे.

एकच फाइल

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना आवश्यक आहे आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. तेव्हा हे कार्ड कपाटात न ठेवता आपल्या रक्तदाबाच्या नोंदी असतात त्याच फाइलीत ठेवावे. पुढील लसीची आणि जंताच्या औषधाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठळक लिहावी. पशुवैद्यांकडे नेण्याचे काम मुलाने किंवा सुनेने सुटीच्या दिवशी स्वीकारावे. ओढाळ कुत्र्याला आवरण्याचा भार वयस्कर माणसावर टाकू नये. तारीख लक्षात ठेवणे आजोबांचे, नेणे मुलाचे, एवढी वाटणी घरात आजच ठरवावी.