त्रिपुरीचा चंद्र आणि हनुमान जयंतीचा चंद्र

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे शहा डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी, तिमजली, कमानींची वास्तू दुरूनच दृष्टीस पडते, तिला सारा मुलूख चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतो. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे, परंतु लोकांनी एकदा नाव ठेवले की दप्तरातील नोंदीला विचारतो कोण! शहराच्या पूर्वेस असल्यामुळे उगवत्या पूर्णचंद्राचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या नगरकराच्या मनात प्रथम हीच वास्तू येते, आणि वृत्तपत्रांतून ‘सुपरमून’चा, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आलेल्या पूर्णचंद्राचा, गाजावाजा सुरू झाला की कॅमेरे नि ट्रायपॉड घेतलेली मंडळी मोकळ्या माळावर जागा हेरू लागतात. त्यांच्या उत्साहाला बाध येऊ नये, तरीही त्या रात्री नेमके काय टिपायचे आहे याचा विचार आधी झालेला बरा.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर, जे सरासरीने ३,८४,४०० किलोमीटर आहे, उपभू बिंदूशी सुमारे ३,५६,५०० पर्यंत उतरते आणि अपभू बिंदूशी ४,०६,७०० पर्यंत चढते. एका उपभूपासून दुसऱ्या उपभूपर्यंत २७.५५ दिवस लागतात, तर पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत २९.५३, हे दोन हिशेब सहसा जुळत नाहीत, आणि त्यांची रुजवात होण्यास सुमारे १४ पौर्णिमा जाव्या लागतात. यावर आणखी एक गुंतागुंत अशी की कक्षेचा लांब अक्षही आकाशात स्थिर राहत नाही, तो ८.८५ वर्षांत एक फेरा पुरा करतो. चंद्रोच्चाची, म्हणजे अपभू बिंदूची, ही गती आपल्या प्राचीन ज्योतिर्गणितकारांना पक्की ठाऊक होती. सूर्यसिद्धांतात तिचे भगण, म्हणजे फेऱ्यांची संख्या, दिलेले आहेत.

या जवळजवळ नऊ वर्षांच्या फेऱ्याचा एक मनोहर परिणाम आपल्या सणांत उमटतो. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या सायंकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी पौर्णिमा पूर्ण झाली आणि त्यापूर्वी अवघे अडीच तास चंद्र उपभूशी होता. २६ जानेवारी १९४८ नंतर पूर्णचंद्र इतका समीप आला नव्हता. (नोटाबंदीला तेव्हा सहाच दिवस झाले होते, त्यामुळे पुष्कळांचे लक्ष चंद्रापेक्षा बँकेच्या रांगेकडे असावे.) त्याच वर्षीचा सर्वांत दूरचा, म्हणून सर्वांत लहान पूर्णचंद्र २२ एप्रिलला, ऐन हनुमान जयंतीला उगवला होता. पुढे २०२५ साली तीच जोडी परत आली: १२ एप्रिलच्या हनुमान जयंतीला लहान, ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरीला मोठा.

अशा दोन पौर्णिमांतील बिंबांच्या व्यासांत सुमारे १४ टक्के आणि प्रकाशात सुमारे ३० टक्के अंतर पडते. आकडे भरभक्कम असले तरी डोळ्यास ते उमगत नाहीत, कारण तुलनेसाठी दुसरा चंद्र आकाशात शेजारी नसतो. ऑगस्ट १९४२ मध्ये नगरच्या किल्ल्यात बंदी म्हणून आणलेल्या जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभीच त्या दिवसांतील चंद्रकोरीची आठवण लिहून ठेवली आहे, कोरीवरून बंदिवासाचे महिने मोजता येतात, अंतर मात्र मोजता येत नाही. क्षितिजाशी दिसणारे अवाढव्य बिंब तर शुद्ध दृष्टिभ्रम होय, इतका की उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका दूर असतो आणि म्हणून किंचित लहानच असतो.

कॅमेरा या भ्रमास बळी पडत नाही, आणि तेथेच नवख्याची निराशा होते. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्सने घेतलेल्या चित्रात संवेदकावर पडणारे चंद्रबिंब अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने जवळचा चंद्र ४.९ आणि दूरचा ४.३ मिलिमीटरचा उमटतो. दुसरी चूक प्रकाशाची. भोवती रात्र आहे म्हणून शटर सेकंद-सेकंद उघडे ठेवले, तर हाती येते ती निव्वळ पांढरी चकती; कारण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला काळपट खडक, अंगावरच्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवणारा, पण उन्हातलाच. आयएसओ १०० वर, अ‍ॅपर्चर एफ-११ ठेवून सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. क्षितिजाशी मात्र धुरळ्यातून प्रकाश मंदावतो, म्हणून तेथे अवधी वाढवावा लागतो. नगर जिल्ह्यात तर त्रिपुरीचा काळ साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचा आणि शेतातील पाचट पेटवण्याचा, त्यामुळे बिंब तांबूस उगवते. ही तक्रार नव्हे. चित्राला रंग त्यानेच चढतो.

चंद्र मोठा दाखवायचा असेल तर तो मोठा करता येत नाही, पुढची वस्तू लहान करावी लागते. समीपच्या पूर्णचंद्राचे बिंब आपल्या अंतराच्या सुमारे १०३व्या भागाइतकी वस्तू झाकते. त्रिपुरीला पाजळलेली २० फुटी दीपमाळ घ्या. २,०६० फूट मागे सरले की चंद्र आणि दीपमाळ समान उंचीचे दिसतात. सलाबतखानाच्या कबरीपासून तीन किलोमीटर दूर गेल्यास चंद्रबिंब २९ मीटरांचे भासेल. मात्र हिवाळ्यातील पूर्णचंद्र नेमका पूर्वेस न उगवता ईशान्येकडे कललेला असतो, म्हणून उभे राहायचे ते वास्तूच्या पश्चिमेस, थोडे नैर्ऋत्येकडे सरकून. आणि बिंब आपल्या व्यासाइतके अंतर दोन मिनिटांत ओलांडत असल्यामुळे जागेचा बंदोबस्त आदल्या दिवशीच केलेला बरा. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर येतो. तेव्हा दगडी कमानीही उजळलेल्या असतात, आणि माझ्या मते चित्र त्याच दिवशी अधिक चांगले येते.

परंतु चंद्र जवळ आला याचा पुरावा कोणतेही एक छायाचित्र, कितीही देखणे असो, देऊ शकत नाही. त्यासाठी एकाच लेन्सने, मोजमाप न बदलता, दोन्ही पौर्णिमा टिपून शेजारी ठेवाव्या लागतात, आणि दूरच्या पौर्णिमेला ट्रायपॉड बाहेर काढणारे विरळाच. २०१६ च्या चंद्राहून किंचित अधिक समीप असा पूर्णचंद्र २५ नोव्हेंबर २०३४ च्या रात्री, पुन्हा त्रिपुरीलाच येत आहे. मध्ये अधिक आषाढ पडत असल्यामुळे त्या वर्षी त्याची जोडीदार दूरची पौर्णिमा चैत्रात न येता वैशाखात, मे महिन्याच्या आरंभी असेल. वाचकांनी ते छायाचित्र आधी घेऊन ठेवावे.