रुपयाचा धबधबा

केंद्र सरकारचा अर्थसंकल्प संसदेत मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एका नाण्याचे चित्र हमखास छापून येते. रुपया येतो कोठून आणि जातो कोठे, हे त्या नाण्याच्या फोडी करून दाखविलेले असते. चित्र सोपे असते, चटकन ध्यानात राहते, आणि म्हणूनच ते लोकप्रियही आहे. २३ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२४-२५ या वर्षाचा जो अर्थसंकल्प मांडला, त्याच्या सोबतही असे चित्र होते. त्यातील येणाऱ्या रुपयात सर्वांत मोठी फोड २७ पैशांची होती. तिचे नाव, 'कर्जे व इतर दायित्वे'.

येथे वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. शेजाऱ्याकडून उसने आणलेले पैसे आपण घरच्या वहीत मिळकत म्हणून लिहीत नाही. वर्तुळाच्या आलेखात मात्र ते मिळकतीच्या पंगतीला जाऊन बसतात. यात कोणाची लबाडी आहे असे नव्हे. 'कर्जे' हा शब्द तेथे स्पष्ट छापलेला असतो. पण वर्तुळाचा धर्मच असा की त्यात उणे फोड काढता येत नाही. तूट असो वा शिल्लक, नाणे आपले गोल आणि भरलेलेच दिसते. वाचणाऱ्याला कर्ज कळते, पण पाहणाऱ्याला तूट दिसत नाही.

मी पदवीच्या वर्गांना सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवतो. महसुली तूट, राजकोषीय तूट आणि प्राथमिक तूट या तीन संज्ञा विद्यार्थी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत विसरूनही जातात. म्हणून अलीकडे मी या संज्ञा व्याख्येने न सांगता एका आलेखातून दाखवू लागलो आहे. त्या आलेखाला धबधबा-आलेख असे म्हणता येईल. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आडव्याउभ्या घरांच्या त्या हिशेबाच्या वहीत, तो कोणालाही अर्ध्या तासात काढता येतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आकड्यांचे वावडे असते असा एक समज आहे. तो बाजूला ठेवून पुढील कृती प्रत्यक्ष करून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

प्रथम या आलेखाचे स्वरूप पाहू. साध्या स्तंभालेखात प्रत्येक स्तंभ जमिनीवर उभा असतो. धबधबा-आलेखात पहिला स्तंभ तेवढा जमिनीवर असतो. दुसरा स्तंभ पहिल्याच्या माथ्यापासून सुरू होतो. रक्कम वजा झाली असेल तर तो तेथून खाली लोंबतो, रक्कम मिळाली असेल तर वर चढतो. तो जेथे थांबेल तेथून तिसरा सुरू होतो. अशा पायऱ्या उतरत वा चढत आपण शेवटच्या आकड्यापर्यंत येतो. मधूनमधून, जेथे एखादी महत्त्वाची बेरीज तयार होते तेथे, पुन्हा जमिनीपासून एक पूर्ण स्तंभ उभा करतात. सुरुवात काय होती, शेवट काय झाला, आणि मध्ये कोणी किती घेतले वा दिले, या तिन्ही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात येतात. वर्तुळ वाटे दाखविते. धबधबा वाट दाखवितो.

आता २०२४-२५ चे अंदाज घेऊ. सर्व आकडे कोटी रुपयांत आहेत. हे वर्षाच्या आरंभीचे अंदाज आहेत, प्रत्यक्ष जमाखर्च नव्हे, हे विसरू नये.

१. एकूण करमहसूल: ३८,४०,१७०
२. राज्यांचा वाटा: उणे १२,४७,२११
३. राष्ट्रीय आपत्ती निधीकडे वर्ग: उणे ९,४६०
४. करेतर महसूल: अधिक ५,४५,७०१
५. महसुली जमा (बेरीज): ३१,२९,२००
६. व्याज: उणे ११,६२,९४०
७. अन्य महसुली खर्च: उणे २५,४६,४६१
८. महसुली तूट (बेरीज): उणे ५,८०,२०१
९. भांडवली खर्च: उणे ११,११,१११
१०. कर्जाखेरीज भांडवली जमा: अधिक ७८,०००
११. राजकोषीय तूट (बेरीज): उणे १६,१३,३१२

आठ पायऱ्या आणि तीन बेरजा, असे हे अकरा स्तंभ झाले. पहिल्या ओळीत मथळे लिहून दुसऱ्या ओळीपासून हा तक्ता भरावा. ए स्तंभात तपशील, बी स्तंभात चिन्हासह रक्कम. सी स्तंभाला 'आरंभ' आणि डी स्तंभाला 'अखेर' असे नाव द्यावे. पहिल्या पायरीचा आरंभ शून्य. पुढे प्रत्येक ओळीचा आरंभ म्हणजे तिच्या वरच्या ओळीची अखेर, आणि अखेर म्हणजे आरंभ अधिक रक्कम. बेरजेच्या तीन ओळींत मात्र बी स्तंभ रिकामा ठेवावा, आरंभ शून्य लिहावा आणि अखेर वरच्या ओळीवरून जशीच्या तशी उतरवून घ्यावी. असे केल्याने बेरजेचा स्तंभ जमिनीपासून निघतो आणि पुढील पायरीची साखळीही तुटत नाही.

यानंतरची युक्ती हे या आलेखाचे मर्म आहे. स्प्रेडशीटला हवेत तरंगणारा स्तंभ काढता येत नाही. तिला एकावर एक थर रचता येतात. म्हणून आपण प्रत्येक स्तंभाखाली एक अदृश्य थर ठेवतो, आणि दिसणारा थर त्याच्यावर उभा करतो. गणपतीच्या आरासीत मूर्ती अधांतरी दिसावी म्हणून खालचा पाट कापडाने झाकतात, तसाच हा प्रकार.

सर्व अखेरी शून्याच्या वर असत्या तर हा अदृश्य पाया म्हणजे आरंभ व अखेर यांतील लहान आकडा, एवढे सांगून भागले असते. आपला धबधबा मात्र सातव्या पायरीवर जमिनीखाली जातो. तेथे हा सोपा नियम कोसळतो आणि स्तंभ भलत्याच जागी उमटतो. म्हणून सर्वत्र लागू पडणारी सूत्रे वापरावीत. दुसऱ्या ओळीसाठी ती अशी:

ई स्तंभ, पाया: =मॅक्स(०, मिन(सी२, डी२)) + मिन(०, मॅक्स(सी२, डी२))
एफ स्तंभ, जमिनीवरील भाग: =मॅक्स(०, सी२, डी२) − मॅक्स(०, मिन(सी२, डी२))
जी स्तंभ, जमिनीखालील भाग: =मिन(०, सी२, डी२) − मिन(०, मॅक्स(सी२, डी२))

मॅक्स म्हणजे दिलेल्यांतील सर्वांत मोठा आकडा व मिन म्हणजे सर्वांत लहान. सूत्रे लिहिताना ही नावे व स्तंभांची अक्षरे रोमन लिपीत टंकावी लागतात, एवढे पथ्य पाळावे. सातव्या पायरीवर ही सूत्रे ताडून पाहा. तिचा आरंभ १९,६६,२६० आणि अखेर उणे ५,८०,२०१. पाया शून्य येतो, जमिनीवरील भाग १९,६६,२६० येतो आणि जमिनीखालील भाग उणे ५,८०,२०१ येतो. म्हणजे हा एकच स्तंभ जमिनीला छेदून दोन्हीकडे पसरतो. नवव्या पायरीवर पाया उणे ५,८०,२०१ येतो आणि दिसणारा भाग त्याच्याही खाली लोंबतो.

दुसऱ्या ओळीतील सूत्रे खालपर्यंत उतरवावीत. मग ए, ई, एफ आणि जी हे चार स्तंभ निवडून 'इन्सर्ट' या यादीतून 'स्टॅक्ड कॉलम', म्हणजे थरांचा उभा स्तंभालेख, निवडावा. पाया हा पहिलाच थर असला पाहिजे. तो नंतर आला तर सारी रचना उलटीपालटी होते. आलेख उमटला की पायाच्या थरावर उजवी कळ दाबून त्याचा रंग काढून टाकावा. तेथे 'नो फिल' असा पर्याय असतो. राहिलेले स्तंभ तरंगताना दिसू लागतील. नंतर वाढीला एक, घटीला दुसरा आणि बेरजेला तिसरा असे रंग द्यावेत. येथे एक सूचना. एफ आणि जी हे भाग जमिनीच्या वर की खाली एवढेच सांगतात. वाढ की घट हे सांगत नाहीत. दहाव्या ओळीतील ७८,००० ही वाढच आहे, पण ती जमिनीखाली घडते. म्हणून रंग स्तंभागणिक हाताने द्यावेत. छपाई एकाच शाईत असेल तर रंगांऐवजी गडद, फिकट आणि रेघांचा असे भेद करावेत.

मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून हा आलेख तयार मिळतो आणि गूगल शीट्समध्येही तो आहे. एक्सेलच्या तयार आलेखात अदृश्य पाया लागत नाही. तपशील आणि रक्कम हे दोन स्तंभ पुरतात. बेरजेच्या ओळीत मात्र तेथे बेरीज लिहावी लागते, आणि तो एकटा स्तंभ निवडून उजव्या कळीने 'सेट ॲज टोटल' असे सांगावे लागते. न सांगितल्यास यंत्र त्या बेरजेलाही एक पायरी समजते आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा मिळवते. तयार आलेख असतानाही मी विद्यार्थ्यांकडून पहिला आलेख हाताने, अदृश्य पाया रचूनच करवून घेतो. कोणता स्तंभ कशावर उभा आहे हे ज्याने एकदा स्वतः रचले, त्याला दुसऱ्याचा आलेख तपासताही येतो.

आता हा धबधबा वाचू. पहिल्याच उतारावर करमहसुलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राज्यांकडे जातो. ९,४६० कोटींची पायरी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, एवढी ती बारीक आहे. पण ती गाळली तर ताळा जुळत नाही, म्हणून ठेवावयाची. महसुली जमेचा स्तंभ उभा राहतो न राहतो तोच व्याजाची पायरी येते. महसुली जमेच्या दर शंभर रुपयांतून सुमारे ३७ रुपये मागील कर्जांच्या व्याजालाच जातात. पुढची पायरी जमीन फोडून खाली उतरते. जमिनीखाली जेथे ती थांबते, ती महसुली तूट. ही व्याख्या मग पाठ करावी लागत नाही. भांडवली खर्च आणखी खोल नेतो, किरकोळ भांडवली जमा किंचित वर उचलते, आणि अखेरीस जो स्तंभ जमिनीपासून तळापर्यंत लोंबतो, ती राजकोषीय तूट. व्याजाची पायरी मनातल्या मनात काढून टाका. तिच्या पुढचे सर्व काही ११,६२,९४० ने वर उचलले जाते आणि तळ उणे ४,५०,३७२ वर येतो. ती प्राथमिक तूट.

येथे 'ऋण काढून सण' असा शेरा मारण्याचा मोह होतो. तो आवरावा. राजकोषीय तुटीच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे ३६ रुपये महसुली तुटीचे आहेत; उरलेल्यांतून रस्ते, रेल्वे अशी कामे उभी राहतात, आणि घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज व वाण्याची थकलेली उधारी यांना एका मापाने मोजणे न्यायाचे नाही. शिवाय महसुली खर्चातही ३,९०,७७८ कोटी रुपये असे आहेत, की जे भांडवली मत्ता निर्माण करण्यासाठी अनुदान म्हणून दिले जातात. ते वगळले तर महसुली तूट १,८९,४२३ कोटींवर येते. हे पाहावयाचे असेल तर सातव्या पायरीचे दोन तुकडे करावे लागतील. आलेख आपण होऊन हे सांगणार नाही.

पायऱ्यांचा क्रम ही देखील अशीच विचाराने ठरवावयाची बाब आहे. वरच्या यादीत ७८,००० कोटींची भांडवली जमा मी शेवटी ठेवली आहे. ती महसुली जमेच्या लगेच पुढे ठेवली असती तरी तळ तोच, उणे १६,१३,३१२, आला असता. बेरीज क्रमावर अवलंबून नसते. परंतु मग सातव्या पायरीची अखेर उणे ५,०२,२०१ आली असती, आणि महसुली तूट आहे त्याहून लहान दिसली असती. एकही आकडा न बदलता, केवळ पायऱ्या पुढेमागे करून समजूत बदलता येते. म्हणून कोणाचाही धबधबा समोर आला तर दोन प्रश्न विचारावेत: पायऱ्या याच क्रमाने का लावल्या, आणि कोणती पायरी दुसरीच्या पोटात लपविली आहे? तिसरी खबरदारी जमिनीची. उभ्या अक्षाची सुरुवात शून्याऐवजी भलत्याच आकड्यापासून केली, तर बेरजेचे स्तंभ खुजे होतात आणि लहानसा उतार कडेलोटासारखा भासतो.

हे सारे दिल्लीच्या अर्थसंकल्पापुरतेच आहे असे नाही. गावच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवला जातो, नगरपालिकेचे अंदाजपत्रक असते, आपल्या घराला तर महिन्याचा हिशेब असतोच. मागील वर्षीची शिल्लक पहिला स्तंभ, घरपट्टी, पाणीपट्टी व अनुदाने या चढत्या पायऱ्या, दिवाबत्ती, गटारे व पगार या उतरत्या. वरची सूत्रे तेथे जशीच्या तशी चालतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपापल्या गावाचा असा एक धबधबा काढावा आणि तो ग्रामसभेत चार माणसांना दाखवावा. शेवटचा स्तंभ जमिनीच्या वर राहतो की खाली जातो, हे पाहण्यासाठी त्यांना अर्थशास्त्राची पदवी लागणार नाही. आणि मधली एखादी पायरी त्यांना खटकली, तर ते तिच्याविषयी प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाहीत.